नव्वद की पस्तीस

मारलेल्या बायकांचे फोटो काढणं हे आपलं काम कधी झालं, ते विनितालाही नीट सांगता आलं नसतं. पनवेलच्या लाईन आळीत तिचा दहा बाय बाराचा स्टुडिओ होता. पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे आणि हळदीला बायकांचे फोटो काढायला बाईच हवी म्हणून आसपासच्या गावांतून येणारी बोलावणी, यावर तो चालायचा. मग एकदा सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर आशालताबाईंनी तिला बोलावून घेतलं. एका बाईच्या पाठीवर पट्ट्याचे वळ होते आणि ती पुरुष फोटोग्राफरसमोर पदर काढायला तयार नव्हती. विनिताने फोटो काढले, आणि पुढचं बोलावणं आलं तेव्हाही गेली. २००६ सालापर्यंत तिने मोजणं सोडून दिलं होतं. भाजलेले हात, फुटलेल्या भुवया, एकीच्या खांद्यावर तर दातांची अख्खी रांग.

तेव्हा स्टुडिओत डिजिटल कॅमेरा आला होता, पण कोर्टाच्या कामाला ती फिल्मच वापरायची. डिजिटल फोटो दाखवला की समोरचा वकील संगणकावर काय काय करता येतं यावर तासभर बोलायचा. निगेटिव्ह दाखवली की गप्प बसायचा. कॅमेरा तिच्या मामाचा, दाजींचा. ते मालवाहू जहाजावर खलाशी होते आणि जपानच्या कुठल्या तरी बंदरातून त्यांनी तो जुना रेंजफाइंडर आणला होता. त्यात लेन्समधून बघायचं नसतं. वर एक वेगळी छोटी खिडकी असते, तिच्यातून समोरच्या माणसाच्या दोन पुसट प्रतिमा दिसतात, आणि लेन्स फिरवून त्या एकमेकींवर बसवल्या की फोकस झाला. बरोबर पन्नास मिलीमीटरची एकच लेन्स होती. ती हळदीला पुरायची, पण या कामाला पुरत नव्हती. जखम दाखवायला त्या लेन्सने पुरेसं जवळ जाता येत नव्हतं, आणि ज्या कोंदट खोल्यांत या गोष्टी घडायच्या, त्या खोल्या तिच्यात मावत नव्हत्या.

दुसरी लेन्स कामोठ्याला मिळाली. सत्यजीत म्हणून पुण्याहून आलेले एक निवृत्त इंजिनिअर तिथे राहत. तिच्या कॅमेऱ्याच्या आट्यांत बसणाऱ्या दोन लेन्स त्यांच्याकडे होत्या, एक नव्वदची आणि एक पस्तीसची. दोन्ही घेण्याची तिची ऐपत नव्हती, हे तिने आधीच सांगून टाकलं. सत्यजीतकाकांनी दोन्ही मेजावर काढून ठेवल्या. नव्वदची माणसाला जवळ ओढते, म्हणाले. एक मीटरवर उभं राहून नुसता चेहरा आणि खांदा मिळेल. पस्तीसची सगळी खोली घेईल, उजेड कमी असला तरी हात हलणार नाही. मात्र तिच्यासाठी कॅमेऱ्यावर हा वेगळा छोटा फाइंडर बसवावा लागतो, आणि त्यातून सगळं आहे त्यापेक्षा लांब दिसतं, तेवढी सवय करून घ्यावी लागेल. मग त्यांनी विचारलं की काम काय असतं. विनिताने सांगितलं. दोन्ही लेन्स त्यांनी तिच्या पिशवीत घातल्या आणि आठ दिवस वापरून एक परत आणायला सांगितली.

हा सोमवार होता. बुधवारी सकाळी आशालताबाईंचा फोन आला.

बाई कोळीवाड्यातली होती, नाव जनी. वय तिशीचं, उरण नाक्यावर मासे विकायची. कपाळावर सात टाके होते, डावा हात कोपराखाली मोडला होता, एक डोळा पूर्ण मिटला होता. नवरा धर्मराज तिला दवाखान्याच्या दारात सोडून निघून गेला होता. माळ्याच्या शिडीवरून पडली, एवढं केसपेपरवर लिहून घ्यायला सांगून. आशालताबाईंनी विनिताला तो मोडलेला हात दाखवला. पडताना माणूस तळहात टेकतो आणि मनगट मोडतं, म्हणाल्या. हाड असं मधोमध मोडतं ते डोक्यावर येणारा घाव हातावर झेलला की.

विनिताने नव्वदची लावली. खिडकीत एक लहान चौकट दिसू लागली, आणि त्या चौकटीत टाके, सूज, डोळ्याभोवतीचं काळंनिळं एवढंच राहिलं. भिंत नाही, खाट नाही. हे सोपं होतं. आशालताबाई म्हणाल्या की जुनंही घे. मग जनीने स्वतःच लुगड्याचा काठ बाजूला केला. पोटऱ्यांवर विडीचे डाग होते, मोजून लावल्यासारखे. उजव्या कानाची पाळी दोन ठिकाणी फाटून बरी झालेली. करंगळी वाकडीच जुळलेली. दर वेळी जनी पुढची जागा बोटाने दाखवायची आणि साल सांगायची, जसं कुणी लग्नाचा अल्बम उघडून बसावं. एकोणीस फोटो झाले. शेवटी विनिताने विचारलं की कशाने मारलं. वल्ह्यानं, जनी म्हणाली, आणि मिटलेला डोळा पुसला.

त्या रात्री नवऱ्याला, प्रितेशला, विनिता म्हणाली की नव्वदचीच घ्यायची. पस्तीसची नुसती पिशवीत पडून आहे. प्रितेश उरणच्या बंदरात क्रेन चालवायचा. लेन्समधलं त्याला काही कळत नव्हतं, पण बायको लांबून काम करणार एवढं त्याला बरं वाटलं.

गुरुवारी दुपारी पोलीस जागेचा पंचनामा करायला निघाले आणि फोटोसाठी विनिताला घेऊन गेले. धर्मराज सापडला नव्हता. होडी घेऊन खाडीत गेला असं शेजारी सांगत होते. जागा दाखवायला जनीला दवाखान्यातून आणलं होतं, हात प्लास्टरमध्ये, गळ्यात झोळी. घर म्हणजे पुढे ओटा, मग एकच लांबट खोली, तिच्या टोकाला चूल आणि खाडीकडे उघडणारं मागचं दार. एका भिंतीला जाळ्यांचे ढीग. माळ्याची शिडी चुलीच्या टोकाला होती, आणि भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे ओट्याकडच्या टोकाला, पाट्याच्या वर. मधे चांगलं दहा फूट अंतर. शिडीवरून पडलेल्या बाईचं रक्त तिथवर जाणार नाही हे कुणालाही कळलं असतं, पण ते एका फोटोत दिसायला हवं होतं. पन्नासच्या लेन्समध्ये एक तर शिडी यायची, नाहीतर भिंत. विनिताने पस्तीसची काढली, वर छोटा फाइंडर बसवला, अंतर दोन मीटरवर ठेवलं. आत उजेड कमी म्हणून हवालदार आणि दोन पंच बाहेर ओट्यावर लिहायला बसले होते. आत विनिता आणि तिच्यामागे पाट्याशी उभी जनी, दोघीच. निदान विनिताला तसं वाटलं.

तेरा फोटो झाले होते. ती फाइंडरला डोळा लावून शिडीपासून भिंतीपर्यंत सगळं बसवत होती, तेवढ्यात मागच्या दारातला उजेड कमी झाला. फाइंडरमध्ये एक माणूस दिसला. उघडा, कमरेला भिजलेली चड्डी, हातात कोयता. तो खोलीच्या पार त्या टोकाला होता, एवढा लहान. तिला वाटलं की ओरडायला वेळ आहे. बोटाने बटण दाबलं, अंगठ्याने लिव्हर ओढला, दहा वर्षांची सवय. मग तिने कॅमेरा डोळ्यावरून खाली घेतला आणि तो माणूस हातभर अंतरावर होता.

धर्मराजला ती नको होती, जनी हवी होती. विनिता मधे होती एवढंच. कोयता तिच्या डाव्या खांद्यावर उतरला. पिशवीचा जाड पट्टा आणि त्याखालचं गळपट्टीचं हाड एकदमच तुटलं. आवाज तिने ऐकला, दुखलं नंतर. ती भिंतीला घासत खाली बसली. कोयता पट्ट्यात अडकला होता, त्याने हिसका मारला, आणि ओल्या हातातून मूठ सुटून कोयता तिच्या पायाशी पडला. तो घ्यायला तो वाकला तेव्हा जनीने पाट्यावरचा वरवंटा उचलून एका हाताने त्याच्या कानामागे घातला.

त्या दणक्याने तो कोयत्यापासून बाजूला, तोंडावर पडला. रक्त लगेच आलं नाही. थोड्या वेळाने केसांतून वाट काढत आलं. मग त्याने एक कोपर जमिनीला टेकवलं आणि अंग वर रेटायला लागला. काहीतरी बोललाही, शब्द नव्हते. जनी त्याच्या डोक्याशी उभी होती. तिने वरवंटा पुन्हा उचलला, कपाळाच्या वर, आणि क्षणभर तसाच धरला. विनिताने पुन्हा बटण दाबलं. कॅमेरा छातीवर लोंबत होता, तिने पाहिलंही नव्हतं. दुसरा घाव बसला तेव्हा आवाज वेगळा होता, ओला. हवालदार आत आला तोवर जनीने वरवंटा पाट्यावर जिथल्या तिथे ठेवला होता.

धर्मराज तिसऱ्या दिवशी शुद्धीवर न येताच गेला. जनीवर खुनाचा गुन्हा लागला. तिने पोलिसांना सांगितलं की मी मारलं. किती वेळा मारलं हे तिला कुणी विचारलं नाही, तेव्हा. कोयता त्याच्या हातात होता असंच सगळे धरून चालले होते. धर्मराजची आई वेणू, जी त्याच घरात राहायची, तिने जबाब दिला की आपण सकाळपासून बाजारात होतो, काही पाहिलं नाही.

कॅमेरा विनिताच्या गळ्यात होता, तसाच तिच्याबरोबर दवाखान्यात गेला आणि घरी आला. इन्स्पेक्टर भेटायला आले तेव्हा सहज म्हणाले की पंचनाम्याचा रोल जमेल तसा धुऊन द्या, घाई नाही. आठव्या दिवशी, डावा हात छातीशी बांधलेला असताना, तिने प्रितेशला डार्करूममध्ये उभं केलं आणि त्याच्या हातांनी रोल धुतला. काळोखात त्याला सांगत होती, आता फिरव, आता ओत. दिवा लावला आणि ओली पट्टी उजेडासमोर धरली. चौदावी फ्रेम हललेली होती, वर उचललेला हात आणि कोयता मात्र कळत होता. पंधरावी स्वच्छ होती. निगेटिव्हमध्ये जनीचा चेहरा काळा, केस पांढरे, वरवंटा डोक्याच्या वर. खाली कोपरावर रेललेला धर्मराज, दोन्ही हात रिकामे. आणि फोटोच्या अगदी खालच्या कडेला, त्याच्यापासून चांगला लांब, विनिताच्या स्वतःच्या पायाशी कोयता.

लेन्स पस्तीसची नसती तर कोयता फोटोत आलाच नसता.

प्रितेशने निगेटिव्ह बराच वेळ पाहिली. मग म्हणाला, "ही कापून टाक. पंधरावी हललेली निघाली म्हण. तुझा खांदा तुटला होता, कोण काय म्हणेल?" तिने पट्टी चिमट्याला टांगली आणि खाली एका बुटक्या स्टुलावर बसून राहिली. या बाईने तिचा जीव वाचवला होता. कात्री ड्रॉवरमध्ये होती.

प्लास्टर बघायला जनीला पोलीस बंदोबस्तात दवाखान्यात आणणार होते. आशालताबाईंनी पडद्याआड पाच मिनिटं मिळवून दिली. विनिताने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं, फोटो कसा आला, कोयता कुठे होता, आणि तो फोटो आपण देणार नाही हेही सांगितलं. जनीने ऐकून घेतलं. तिचा डोळा आता उघडला होता.

"कापू नका ताई," ती म्हणाली. "हातात नव्हताच कोयता. मना म्हायीत हाय. मी बघून मारलाय."

विनिता म्हणाली की मग जन्मठेप होईल.

"व्हूंदे. तुमी त्याला पडलेला बघितलाय. एकदा. मी त्याला उठताना बघितलाय, अकरा वर्सं." मग तिने प्लास्टरचा हात मांडीवर नीट ठेवला. "आजवर लय खोटं बोलले मी. शिडीवरना पडले, मोरीत पडले, होडीत पडले. आता नाय बोलायचं."

विनिताने अखंड पट्टी दिली, पुढच्या कोऱ्या धरून छत्तीसच्या छत्तीस फ्रेम. इन्स्पेक्टरांनी पंधरावी पाहिली आणि मग तिच्याकडे पाहिलं.

जानेवारीत खांदा थोडा वर जायला लागल्यावर ती कामोठ्याला गेली. आठ दिवसांचे तीन महिने झाले होते, सत्यजीतकाकांनी त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही. पेपरात त्यांनी वाचलं होतं. तिने पस्तीसची लेन्स आणि तो छोटा फाइंडर त्यांच्यापुढे ठेवला, दोन्ही पुसून पुसून स्वच्छ केलेले. नव्वदची पिशवीतच राहू दिली. त्यांना आश्चर्य वाटलं. अशा कामाला आता पस्तीसचीच जास्त लागेल असं त्यांना वाटत होतं.

"यातून माणूस लांब दिसतो, काका," विनिता म्हणाली.

त्यांनी लेन्स उचलून डबीत ठेवली.

खटला २००८ च्या पावसाळ्यानंतर अलिबागला उभा राहिला. पंधरावा फोटो सरकारी वकिलांनी मोठा करून आणला होता. पडलेल्या, नि:शस्त्र माणसावर दुसरा घाव, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. उलटतपासणीत जनीच्या वकिलाने विनिताला खांद्याची जखम दाखवायला लावली. मग सरकारी वकील पुन्हा उठले आणि त्यांनी विचारलं की तुमचा उजवा हात चालत होता ना. ती हो म्हणाली. मग त्या हाताने आरोपीला अडवण्याऐवजी तुम्ही फोटो का काढलात?

हा प्रश्न ती दोन वर्षं स्वतःला विचारत होती. "अडवू शकले असते," ती म्हणाली. "माझा हात तिच्या लुगड्यापर्यंत पोचत होता. मी अडवलं नाही." न्यायाधीशांनी तेवढंच लिहून घेतलं.

जनीचा वकील तरुण होता, अविनाश नाव. त्याने तो मोठा फोटो रात्रभर खोलीत लावून ठेवला होता. जाळ्यांच्या ढिगाशेजारी, चुलीकडच्या अंधारात, जे सगळ्यांना जाळंच वाटलं होतं, ते बसलेलं माणूस होतं. थोडं पुसट, पण तोंडावर हात ठेवलेली म्हातारी ओळखू येत होती. विनिताने हजार वेळा ती फ्रेम पाहिली होती आणि तिला ती दिसली नव्हती. वेणू बाजारात गेलीच नव्हती; नंतरच्या गडबडीत ती मागच्या दाराने निसटली असणार.

दुसऱ्या दिवशी वेणूला पिंजऱ्यात उभं केलं आणि फोटो समोर धरला. ती पुष्कळ वेळ फोटोतल्या मुलाकडेच बघत राहिली. मग तिने सांगायला सुरुवात केली ती वल्ह्यापासून नाही, लग्नाच्या पहिल्या वर्षापासून. कधी काय घेऊन मारलं, आपण किती वेळा रक्तावर पाणी ओतून जमीन सारवली, पोलिसांना काय सांगायचं ते सुनेला कसं पढवलं. वकिलाने विचारलं की पहिल्या घावानंतर मुलगा काय करत होता.

"उठत व्हता," वेणू म्हणाली. "कोयता नसला तरी त्याला काय. त्याचे हात हायत ना. मी त्याची आय हाय, मना ठाव हाय तो उठला की काय करतो. मी पण उठू शकले असते. मी बसूनच रायले."

नव्वदच्या लेन्सने काढलेले एकोणीस फोटो त्यानंतर एकेक करून दाखवले गेले. जनीने प्रत्येकाचं साल सांगितलं. खून सिद्ध झाला नाही. स्वतःला वाचवताना मर्यादा ओलांडली, असं ठरवून न्यायाधीशांनी साडेतीन वर्षं दिली. त्यातली दोनावर ती कोठडीत काढून बसलीच होती.

ती सुटली तेव्हा तुरुंगाच्या दाराशी वेणू उभी होती. दोघींनाही दुसरं कुणी नव्हतं. एकाच एसटीने, वेगवेगळ्या बाकांवर बसून त्या पनवेलला आल्या. त्याच घरात राहू लागल्या. कोळीवाड्यात पुष्कळ बोललं गेलं. चुली दोन होत्या एवढंच.

पुढच्या उन्हाळ्यात रेशनकार्डासाठी दोघी विनिताच्या स्टुडिओत आल्या. जनीने खुर्चीवर बसण्याआधी ती ओढून अशी घेतली की दरवाजा डोळ्यांसमोर राहील. विनिताने पडदा त्याप्रमाणे सरकवला. जनीचा झाला, वेणूचा झाला. डिजिटलचं काम, पाच मिनिटांत फोटो हातात. वेणू उठली नाही.

तिने जमिनीकडे बघत विचारलं की धर्मराजचा एखादा फोटो मिळेल का. घरात एकही नव्हता, लग्नातले त्यानेच एका रात्री चुलीत घातले होते. विनिता म्हणाली की माझ्याकडे त्याचे दोनच आहेत. दोन्ही तुम्ही कोर्टात पाहिलेत.

"पयला," वेणू म्हणाली. "त्यात तो उबा हाय."

विनिताने जनीकडे पाहिलं. जनी दाराकडे बघत होती. बाहेरून रिक्षा गेली.

"द्या तिला," मग ती म्हणाली.

पंचनाम्यासाठी छापलेली चौदाव्या फोटोची एक जादा प्रत विनिताकडे उरली होती. तिने ती कपाटातून काढली, फूटपट्टी धरून कापली. हात गेला, कोयता गेला, खोली गेली. उरला तो हललेला, बोटभर चेहरा, ज्यात राग होता की नुसता वेग, ते आता कळत नव्हतं. वेणूने तो पदरावर घेतला, डोळ्यांजवळ नेला, आणि हा लहानपणी असाच पळत घरात यायचा, असं म्हणाली. जनी तोवर पायऱ्या उतरून रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती, सासूची वाट बघत.